हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम : घ्यावा का, कोणता घ्यावा आणि बसवायचा कसा?

घाटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे ते एकदाचं विचारतोच. मी चिंचवडचा, गाडी हिमालयन, मागे बायको. डिसेंबरात चार गाड्या मिळून ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, पुढे केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळहून परत फेरीने धोपावे आणि गुहागरला मुक्काम असा बेत आहे, येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून उंब्रजला हायवेला लागायचं.

प्रश्न असा की गाडी चालू असताना बोलणं होत नाही. तिला काही सांगायचं असलं की ती खांद्यावर थापटते, मग मी काच वर करतो, मान मागे वळवतो, ती ओरडते, मला अर्धं कळतं, मी "काय?" म्हणतो आणि परत तेच. मागच्या वेळी ताम्हिणीत अशीच मान वळवली आणि पुढे बघतो तर वळणावर मधोमध गाय उभी. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितोय. घरी आल्यावर ती शांतपणे एवढंच म्हणाली की आता बोलायची काहीतरी सोय कर, नाहीतर मी येणार नाही. बरोबर आहे तिचं.

दोघांचे मिळून १२ हजारापर्यंत जाऊ शकतो. बाकी तिघा मित्रांपैकी दोघांकडे मेशवाले (इंटरकॉमचाच दुसरा प्रकार) आहेत, ते म्हणतात तूही तेच घे, पण ते एकेक युनिट माझ्या पूर्ण बजेटच्या वर जातंय. ब्लूटूथ आणि मेशमध्ये नक्की फरक काय, घाटात रेंज खरंच किती मिळते, पावसात टिकतात का, पोलिस अडवतात का, आणि माझं फुलफेस, बायकोचं पुढून उघडणारं मॉड्युलर, तर दोन्हीत एकच चालेल का? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

वायरमन

चांगला धागा. इलेक्ट्रॉनिक्स हाच धंदा असल्यामुळे जरा आतून सांगतो.

ब्लूटूथ इंटरकॉम साखळीसारखा चालतो. एक नंबर दोनशी जोडलेला, दोन तीनशी, तीन चारशी. आता दोन नंबरवाला फोटो काढायला थांबला की एक नंबर एकटा पडतो आणि तीन-चार वेगळे पडतात. साखळी परत जोडायला कधी आपोआप होतं, कधी बटण दाबत बसावं लागतं. मेशमध्ये असं नसतं, तिथे प्रत्येक युनिट आजूबाजूच्या सगळ्यांशी जोडलेलं असतं आणि एकमेकांचा आवाज पुढे ढकलतं, मधला एक गळाला तरी बाकीचे बोलत राहतात आणि तो रेंजमध्ये आला की आपोआप परत आत. कार्डो कंपनीने आपल्या पॅकटॉक युनिटमध्ये हे २०१५ साली आणलं, १५ जणांपर्यंत ग्रुप होतो. मग सेना नावाच्या कंपनीनेही आपलं मेश आणलं, आता आपल्याकडे बंगळुरूची ब्लूआर्मर पण मेशवाले करते. पण एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशला सहसा ओळखत नाही हे घेण्याआधी लक्षात ठेवा, ग्रुपमध्ये ज्याचं जास्त आहे तेच घ्यावं असं म्हणतात ते यामुळेच.

रेंजचं म्हणाल तर खोक्यावर १ किमी, दीड किमी लिहिलेलं असतं ते मोकळ्या सरळ रस्त्याचं, मधे काहीही नसताना. हे सगळं २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ती लहर डोंगराच्या कड्यातून आरपार जात नाही. ताम्हिणीत पुढचा माणूस एका वळणाआड गेला की २००-३०० मीटरवर आवाज तुटायला लागतो. आणि एक गंमत बघा, युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसतं (उजवा हात ॲक्सिलरेटरवर, म्हणून बटणं डाव्या हाताला), त्यामुळे तुमचं स्वतःचं डोकंही सिग्नल अडवतं. उजवीकडे असलेल्या माणसाशी बोलताना कधी कधी खरखर येते ती त्यामुळे.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर बायको अर्ध्या मीटरवर बसलेली आहे. तिथे मेशची काहीच गरज नाही. साधं ब्लूटूथ, एकाच कंपनीचे दोन, बस.

बुलेटवाली

वायरमनदादांना +१. मी आठ वर्षं बुलेट चालवतेय आणि तीन इंटरकॉम बदलले, त्यावरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगते की कंपनी कुठली यापेक्षा स्पीकर कानासमोर बसलाय की नाही हे दहापट महत्त्वाचं आहे. माझं पहिलं युनिट मी "आवाजच नाही" म्हणून मैत्रिणीला देऊन टाकलं, तिच्या हेल्मेटमध्ये तेच खणखणीत वाजायला लागलं. नंतर कळलं की माझा स्पीकर कानाच्या भोकापेक्षा बोटभर खाली आणि मागे बसला होता. एवढंसं सरकलं की बास (खालचा घुमणारा आवाज) जातो, आवाज निम्मा होतो, मग आपण व्हॉल्यूम पूर्ण वर करतो आणि तरी वाऱ्यात काही कळत नाही.

बरोबर जागा शोधायची माझी युक्ती सांगते. कानाच्या भोकाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो ना, त्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावायचा, आतल्या कापडावर टिशू पेपर चिकटवायचा, हेल्मेट नीट सरळ घालायचं आणि तसंच सरळ काढायचं. टिशूवर जिथे डाग उमटेल तिथे स्पीकरचा मध्य. दोन-तीनदा करून बघा कारण हेल्मेट ओढताना कान दुमडतो. स्पीकरची जागा ठरली की वेलक्रो चिकटवा, कानापासून लांब पडत असेल तर मागे बरोबर आलेल्या स्पंजच्या चकत्या घाला. कानाला नुसता टेकल्यासारखा वाटला पाहिजे, दाबला नाही पाहिजे, नाहीतर तासाभरात कान इतका दुखतो की हेल्मेट फेकून द्यावंसं वाटतं.

आणि कृपा करून आतलं थर्माकोल कोरू नका!! बऱ्याच जणांना बघितलंय ब्लेड घेऊन बसलेलं. अपघातात डोकं वाचवतं ते तेच थर्माकोल. त्यात स्पीकरसाठी आधीच खाच नसेल तर पातळ स्पीकरवालं युनिट घ्या किंवा हेल्मेट बदला, पण कोरू नका.

फुलफेसला वायरचा छोटा बटणासारखा माइक येतो, तो हनुवटीच्या गार्डमध्ये आतून चिकटवायचा. मॉड्युलरला दांडीवाला माइक लागतो कारण हनुवटीचा भाग वर उचलला जातो, वायर तुटते. घेताना खोक्यात दोन्ही माइक आहेत का बघा. माइकच्या एका बाजूला खूण असते ती ओठांकडे हवी, आणि त्यावरची स्पंजची टोपी हरवू देऊ नका, ती गेली की समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो.

तांबडीमाती

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझं वय ५४, तीस वर्षं कोकण-घाट गाडी चालवतोय, माझ्या हेल्मेटमध्ये काही नाही आणि मला ते नकोच आहे. गाडी चालवताना कान मोकळे हवेत. मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न, चेनचा बदललेला आवाज, टायरखाली खडी आली की येणारा आवाज, हे सगळं मी कानानेच ओळखतो. आजकालची पोरं गाणी लावून घाट चढतात, मागून हॉर्न मारून मारून आपण थकतो. शिवाय चार जण एकमेकांशी गप्पा मारत असतील तर लक्ष रस्त्यावर कसं राहणार?

घाटवेडा

काका, तुमचं गाण्यांबद्दलचं म्हणणं मला पटतं आणि मला गाणी नकोच आहेत खरं तर. पण मान मागे वळवून बोलण्यापेक्षा समोर बघत बोललेलं बरं ना?

तांबडीमाती

ते मान्य. तुमची गायीची गोष्ट वाचून मी पण जरा थांबलो. मागे बसणाऱ्यासाठी ठीक आहे, गप्पांसाठी नको एवढंच.

कोकणकडा

काकांचा मुद्दा मी पुढे नेतो कारण माझ्या बाबतीत घडलंय आणि ते लिहिलंच पाहिजे असं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण कुंभार्ली घाट चढत होतो. पुढचा मित्र इंटरकॉमवर रस्ता सांगत होता, "क्लिअर, ये", "ट्रक आहे, थांब". अर्धा घाट हे छान चाललं. मग एका वळणाआधी उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने. मित्राने ओव्हरटेक केला आणि म्हणाला "क्लिअर". मी त्याच्या शब्दावर गाडी बाहेर काढली. त्याने म्हटलं तेव्हा खरंच रिकामं होतं, पण माझ्यात आणि त्याच्यात पाच-सहा सेकंदांचं अंतर होतं आणि तेवढ्यात वरून एसटी आली. मी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे कसा घुसलो ते मला आजही सांगता येत नाही. एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून मी आहे. पुढच्या टपरीवर थांबलो तेव्हा हात इतके थरथरत होते की चहाचा ग्लास धरता येईना, आणि तो मित्र तर माझ्यापेक्षा जास्त हादरला होता, रडलाच तो.

त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये "क्लिअर" हा शब्द बंद. पुढच्याने फक्त धोका सांगायचा. खड्डा, खडी, ऑईल, गुरं, समोरून ट्रक. ओव्हरटेक कर असं कोणी कोणाला सांगायचं नाही, ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघून करायचं. यंत्र चांगलंच आहे, मी आजही वापरतो, पण दुसऱ्याचे डोळे उसने घेता येत नाहीत.

बुलेटवाली

बापरे. वाचून अंगावर काटा आला. हे आमच्या ग्रुपला आजच पाठवते.

मु_पो_म्युनिक

सध्या जर्मनीत आहे, मूळ सातारा. इथे आल्प्समध्ये सुट्टीच्या दिवशी निघतो तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या हेल्मेटवर युनिट दिसतं. इथला कायदा सरळ आहे, फोन हातात धरायचा नाही आणि कुठल्याही उपकरणाने तुमचं ऐकणं अडलं नाही पाहिजे, ती जबाबदारी चालवणाऱ्याची. फ्रान्समध्ये गेलो की अजून एक फरक, तिथे १ जुलै २०१५ पासून गाडी चालवताना कानात घालायचे इअरफोन बंद आहेत, पण हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर चालतात. हा फरक मला फार योग्य वाटतो. इअरफोन कान बंद करतो आणि वर त्यातूनच आवाज ओततो, हेल्मेटमधला स्पीकर कानाबाहेर असतो. आपल्याकडे अजून बरेच जण हेल्मेटखाली इअरबड घालतात ते बंद केलं पाहिजे, पडलं तर कानात रुततात तो धोका वेगळाच.

वायरमन

पोलिसांचं राहिलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जे आलं ते हातात धरायच्या साधनाबद्दल आहे. पुढे ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फोन हा फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरता येतो असं आलं. हेल्मेटमधल्या युनिटसाठी मला कधी कोणी अडवलं नाही, पण नाक्यावर हवालदार काही विचारत असताना फोनवर बोलत राहिलात तर तो चिडणारच, तिथे बंद करा. हेल्मेट मात्र आयएसआय मार्कचंच हवं आणि त्याला स्क्रूसाठी भोक पाडू नका, युनिट हेल्मेटच्या कडेला धरून ठेवणारा क्लॅम्प बसत नसेल तर चिकटवायची प्लेट येते ती वापरा.

नेव्हिगेशनवरून आठवलं, माझ्या मते इंटरकॉमचा दुसरा मोठा फायदा हाच. फोन हँडलवर लावायची गरजच उरत नाही, खिशात ठेवा आणि नुसतं ऐका. अ‍ॅपलने तर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की जास्त ताकदीच्या मोटारसायकल इंजिनाच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा खराब होऊ शकते. ताम्हिणीत बराच भाग नेटवर्क नसतं, तेव्हा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पानशेतचा_पाऊस

कानांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी रोज हायवेने ये-जा करायचो, एका बाजूला ३५ किमी, पाच वर्षं. कानात सतत बारीक शिट्टी वाजायला लागली तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासणीचा आलेख दाखवला, ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडलेला. म्हणाले मोठ्या आवाजाने कान जातो त्याची खूण ही अशीच दिसते, कारखान्यात काम करता का? मी म्हटलं नाही, मोटारसायकल चालवतो.

१०० च्या स्पीडला चांगल्या हेल्मेटमध्येसुद्धा वाऱ्याचा आवाज ९० ते १०० डेसिबल होतो. कामगारांसाठी अमेरिकेत नायोश या संस्थेने जी मर्यादा सुचवली आहे ती ८५ डेसिबलला ८ तास, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. आता विचार करा, आधीच एवढा वारा आहे आणि त्यात गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही ते वाऱ्याच्याही वर नेता. स्पीकर कितीही भारी असो, तो कानाला मारच देणार.

उपाय स्वस्त आहे, मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग. पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सोडायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. वारा खाली जातो, मग इंटरकॉमवरचं बोलणं उलट स्पष्ट येतं कारण स्पीकर कानाजवळ आहे आणि त्याचा आवाज वाढवता येतो, वाऱ्याचा वाढत नाही. हॉर्न मला तरी नीट ऐकू येतो, आधी वाऱ्याच्या गोंगाटात तो बुडायचा. शहरात ४०च्या स्पीडला मी घालत नाही. माझी शिट्टी गेली नाही आणि डॉक्टर म्हणाले जाणार नाही, जे उरलंय ते सांभाळा. तुम्ही आधीच सांभाळा एवढंच सांगायचं होतं.

तांबडीमाती

हे नवीन कळलं. मला पण डाव्या कानाने कमी येतं हल्ली, मी वय म्हणून सोडून दिलं होतं. दाखवून घेतो.

पानशेतचा_पाऊस

काका नक्की दाखवा, या आठवड्यातच. साधी तपासणी आहे, अर्ध्या तासात होते.

घाटवेडा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, गुहागर करून आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला होता.

एकाच कंपनीचे साधे ब्लूटूथवाले दोन घेतले, १२ हजाराच्या आत बसले. पहिल्या दिवशी बसवले तेव्हा मलाही आवाज कमी वाटला, मग बुलेटवालीताईंची कुंकवाची युक्ती केली, माझा डावा स्पीकर चांगला दीड सेंटीमीटर मागे होता. सरकवल्यावर जो फरक पडला तो आयुष्यात विसरणार नाही. बायकोच्या हेल्मेटमध्ये दांडीचा माइक आधी गालापाशी राहत होता, ओठांच्या अगदी जवळ वाकवल्यावर ८० ला पण तिचं बोलणं स्पष्ट.

मित्रांच्या मेशशी जोडायचा प्रयत्न केला. माझं युनिट त्यांच्यातल्या एकाला फोन समजून जोडलं गेलं, बोलणं झालं पण त्यात माझ्या खऱ्या फोनची जागा गेली, नेव्हिगेशन बंद पडलं, आणि बायकोचा आवाज पण डबक्यातून आल्यासारखा. मुळशीच्या पुढे थांबून ते काढूनच टाकलं. त्यांना म्हटलं तुम्ही दोघे पुढे आणि मागे राहा, मेश तुमच्याकडे, आम्ही मधे. थांबे आधीच ठरवले. काही अडलं नाही.

पहिल्या दिवशी केळशीच्या अलीकडे अवकाळी पावसाची जोरदार सर आली. युनिटला काही झालं नाही, फक्त चार्जिंगच्या भोकावरचं रबर मी नीट दाबलं नव्हतं ते बायकोच्या लक्षात आलं आणि तिने चालत्या गाडीवर हात पुढे करून दाबलं. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरली, तीही गाणी न लावता. फोमचे प्लग हायवेला वापरले, पहिल्यांदाच अशी राइड झाली की रात्री झोपताना कानात घोंघावत नव्हतं.

आणि कुंभार्ली. तिथे कोकणकडा भाऊंची गोष्ट सारखी डोक्यात होती. एका वळणावर मला पुढचं दिसत नव्हतं, बायको जरा उंच बसते, तिला पुढचा रस्ता दिसला आणि ती म्हणाली "समोरून लाल गाडी येतेय". मी मागेच राहिलो. दोन सेकंदात एसटी गेली. "जा" असं ती पूर्ण घाटात एकदाही म्हणाली नाही, आम्ही आधीच ठरवलं होतं.

दाभोळच्या फेरीबोटीवर हेल्मेट काढलं तरी आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, सवय लागली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रस्ताभर बोललो.

कोकणकडा

वाचून फार बरं वाटलं भाऊ. वहिनींना नमस्कार सांगा.

बुलेटवाली

मस्त!! एक सांगायचं राहिलं, आता काही दिवस राइड नसेल तर युनिट पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बघा. आणि हेल्मेट आरशाला टांगून उन्हात सोडू नका, बॅटरी फुगते.

तांबडीमाती

कान तपासून आलो. डाव्या कानात तोच ४००० चा खड्डा निघाला, उजवा बरा आहे. पानशेतचा पाऊस, तुमचे आभार मानावे तेवढे कमी. प्लगचं पाकीट घेतलंय, उद्या अलिबागला जाताना घालून बघतो. एकच विचारायचं होतं, ते फोम धुता येतात का दर वेळी नवीन?

पानशेतचा_पाऊस

काका, दोन-चार वेळा वापरून टाकून द्या. मळले किंवा पिळल्यावर हळूहळू फुगायचे थांबले की संपले समजा. हात स्वच्छ धुऊन मगच घाला.